काचबिंदू : दोन औषधांची जोड आणि रोजचा नेम

(जागतिक काचबिंदू सप्ताहाच्या निमित्ताने कळंब येथे ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मार्च महिन्यात जगभर काचबिंदू सप्ताह पाळला जातो. त्यानिमित्त मला येथे दोन शब्द बोलण्यास पाचारण केले, याबद्दल मी संयोजकांचा आभारी आहे. आरंभीच सांगितले पाहिजे की, मी डॉक्टर नाही. मी कलाशाखेचा पदवीधर असून माहिती खात्यात नोकरी करतो. शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. तथापि या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला माझ्या घराने दिला आहे आणि त्याची किंमतही घराने मोजली आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो, याच तालुक्यातील एका खेड्यात शेती करीत आले. सुमारे दहा वर्षांपूर्वी ते मला म्हणाले, "उजव्या बाजूने येणारे जनावर अंगावर येईपर्यंत दिसत नाही." मी त्यांना म्हणालो, "मोतीबिंदू असेल अण्णा. पिकू द्या, शिबिर लागले की पाहू." मोतीबिंदू शिबिरांच्या कितीतरी बातम्या मी स्वतः लिहिल्या होत्या. त्यामुळे कमी दिसणे म्हणजे मोतीबिंदू, हे समीकरण माझ्या मनात पक्के बसले होते. शिबिर लागेपर्यंत वर्ष उलटून गेले. तपासणीत निघाला तो काचबिंदू. उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि ती परत येणार नव्हती. प्रश्न उरला होता तो डाव्या डोळ्याचा. तो डोळा वाचविण्यासाठी औषधांची जी जोडणी करावी लागली, तिच्याविषयी आज आपणाशी बोलावयाचे आहे.

नावे सारखी, रोग निराळे

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे भावंडांसारखी वाटतात. परंतु दोहोंत फार अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसविले की दृष्टी बहुधा परत मिळते. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे ही शस्त्रक्रिया खेडोपाडी परिचयाची झाली. काचबिंदूत मात्र डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकते. जेवढी सुकली तेवढी गेली. ती कोणत्याही औषधाने अथवा शस्त्रक्रियेने पुन्हा हिरवी होत नाही. म्हणून काचबिंदू 'पिकण्याची' वाट पाहणे म्हणजे आंधळेपणाची वाट पाहणे होय.

नेहमी आढळणारा काचबिंदू दुखत नाही, डोळा लाल होत नाही, प्रारंभी समोरचे स्वच्छ दिसते. नजर कडेकडेने आवळत येते. यामुळेच तो घरात राहूनही ओळख देत नाही. मदुराईच्या आणि चेन्नईच्या आसपासच्या ग्रामीण भागांत पाहण्या झाल्या, तेव्हा ज्यांना काचबिंदू आढळला त्यांच्यापैकी दहांतील नऊंहून अधिक जणांना त्याचा पत्ताच नव्हता. आपल्या राज्यातही २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांतून तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची नेत्रतपासणी करण्यात आली होती. शेतमजूर आणि शेतकरी यांच्या दारापर्यंत अशी तपासणी गेली, तरच हा लपलेला रोग उजेडात येतो.

पाझर तलावाचा दृष्टांत

या रोगात आपल्याला हाताळता येण्याजोगी गोष्ट मुख्यत्वे एकच आहे, ती म्हणजे डोळ्याच्या आतील दाब. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात लोकांनी पाझर तलावांच्या कामावर माती वाहिली. तलावात पाणी येते आणि जमिनीत मुरून जाते, हे येथील माणसाला शिकवावे लागत नाही. डोळ्याच्या आतही एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. मिनिटाला दोन ते तीन मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम दहावा-पंधरावा भाग, इतकी त्याची आवक असते. बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यात बारीक चाळणी असते. तीतून हे पाणी निचरून रक्तात मिसळते. आवक चालू राहिली आणि निचरा तुंबला, की दाब वाढतो व दृष्टीच्या नसेला इजा पोहोचते. सामान्यतः हा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. कित्येकांची नस या मर्यादेतील दाबही सोसू शकत नाही. यास्तव प्रत्येक रुग्णाच्या नसेची अवस्था पाहून त्याचा दाब कोठवर आणावयाचा, हे डॉक्टर ठरवितात.

दाब उतरविण्याचे मार्ग दोनच : आवक कमी करणे किंवा निचरा वाढविणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावपासून पायलोकार्पिन हे वनस्पतिजन्य औषध वापरात होते. ते बाहुली आकसून चाळणी मोकळी करते. परंतु ते दिवसातून तीन-चार वेळा घालावे लागे आणि नजर अंधुक होई. १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली. ते पाण्याची आवक कमी करते. १९९० नंतरच्या दशकात डॉर्झोलामाइड आले, तेही आवकच घटविते, पण निराळ्या मार्गाने. ब्रिमोनिडीन आवक घटवून निचऱ्यासही हातभार लावते. १९९६ साली आलेले लॅटानोप्रॉस्ट मागच्या वाटेने पाण्याचा निचरा वाढविते आणि दिवसातून एकदाच, बहुधा रात्री, घालावयाचे असते. त्याच्या वर्गातील औषधे दाब साधारणपणे चतुर्थांशाने ते तृतीयांशाने उतरवितात. म्हणून बहुतेक डॉक्टर थेंबांचा प्रारंभ त्यांनीच करतात.

जोड का द्यावी लागते

एका औषधाने भागले तर उत्तमच. परंतु पुष्कळांचे भागत नाही. अमेरिकेत १,६३६ व्यक्तींवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांचा नेत्रदाब वाढलेला होता, पण नस अद्याप शाबूत होती. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांना केवळ देखरेखीखाली ठेवले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांत काचबिंदूची लक्षणे दिसू लागली, तर थेंब घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.४ टक्के होते. यात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, थेंब घेणाऱ्यांपैकी पाचांतील सुमारे दोघांना पाच वर्षांअखेर दोन किंवा अधिक औषधे लागत होती. तीही नस शाबूत असताना. ज्यांची नस आधीच दुखावलेली आहे, त्यांना दाब याहूनही खाली आणावा लागतो. त्याच सुमारास स्वीडनमधील एका अभ्यासाने दाखविले की, दाब एक मिलिमीटरने जरी उतरला तरी रोग पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. दुसऱ्या औषधाने मिळणारे दोन-तीन मिलिमीटर या हिशेबाने क्षुल्लक नसतात.

मात्र दोन औषधांची बेरीज सरळ होत नाही. समजा, दाब ३० आहे. पहिल्या औषधाने तो २२ वर आला. दुसरे औषध एकटेच दिले असते तर त्यानेही सात मिलिमीटर उतरविले असते. पण दोन्ही मिळून तो १५ वर येईलच असे नाही. १८-१९ वर थांबेल. दुसरे औषध उरलेल्या दाबातून आपला वाटा उचलते. तिसऱ्याचा वाटा त्याहून लहान असतो. म्हणूनच निराळ्या मार्गाने काम करणारी औषधे जोडीला निवडतात. एकाच वर्गातील दोन औषधे एकत्र घातल्याने लाभ होत नाही. लॅटानोप्रॉस्टसारखे औषध रात्रीऐवजी सकाळ-संध्याकाळ दोनदा घातले तर गुण वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो.

अण्णांच्या दोन बाटल्या

अण्णांचा डाव्या डोळ्याचा दाब ३१ होता. रात्रीच्या एका थेंबाने तो २३ वर आला. डॉक्टरांनी टिमोलॉलची दुसरी बाटली सकाळ-संध्याकाळसाठी दिली. दीड महिन्याने तपासले, तो २२. दुसऱ्या बाटलीने जणू काहीच केले नव्हते. आता तिसरी बाटली देतील असे मला वाटले. परंतु डॉक्टरांनी बाटल्या अण्णांच्या हाती दिल्या आणि म्हणाले, "बाबा, घरी घालता तसे मला घालून दाखवा."

अण्णांनी मान मागे टाकली, एका बाटलीचे दोन-तीन थेंब पिळले, लगोलग दुसऱ्या बाटलीचे तितकेच पिळले, डोळे मिचकावले आणि उपरण्याने गाल पुसला. औषध गालावर होते, उपरण्यावर होते. डोळ्यात फारसे नव्हते.

खालच्या पापणीच्या आतील खाचेत फार तर तीस मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीचा एक थेंब तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एक थेंबही पुरता मावत नाही. त्यावर लगेच दुसरा घातला की पहिला धुऊन निघतो. दोन औषधे घालूनही रुग्णाला एकाचाच, तोही अर्धामुर्धा, लाभ होतो. हिशेबाची आणखी एक बाजू आहे. पाच मिलिलिटरच्या बाटलीत साधारणपणे शंभर ते दीडशे थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब म्हटले, तरी महिन्यास एकशेवीस लागतात. दोन-दोन थेंब सांडले तर बाटली दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच संपते. आमच्या घरी नेमके हेच होई. बाटली संपे, तालुक्याला जाणे पेरणी-काढणीत राहून जाई आणि तपासणीच्या आदल्या दिवशी नवी बाटली येई.

डॉक्टरांनी आईला समोर बसवून रीत शिकविली. हात धुवावेत. खालची पापणी खाली ओढून तेथे एकच थेंब टाकावा. बाटलीचे तोंड डोळ्याला लागू देऊ नये. मग डोळा हळुवार मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे दाबून धरावे, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी जाते. दुसरे औषध किमान पाच मिनिटांनी घालावे. औषधे तीच राहिली, रीत बदलली आणि पुढच्या खेपेस दाब १९ भरला.

एका बाटलीत दोन औषधे

अण्णांची नस बरीच सुकलेली असल्याने १९ हा दाबही डॉक्टरांना पुरेसा वाटला नाही. तेव्हा त्यांनी टिमोलॉलची बाटली बंद करून टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड एकत्र असलेली बाटली दिली. अशा प्रकारची ही जोडबाटली अमेरिकेत १९९८ साली प्रथम आली. आज लॅटानोप्रॉस्ट किंवा बायमॅटोप्रॉस्टबरोबर टिमोलॉल, ब्रिमोनिडीनबरोबर टिमोलॉल, तसेच टिमोलॉल चालत नाही अशांसाठी ब्रिंझोलामाइड आणि ब्रिमोनिडीन अशा जोड्याही मिळतात.

ही जोडबाटली अधिक जालीम असते काय, असे मला अनेकजण विचारतात. तसे नाही. तीच दोन औषधे निरनिराळ्या बाटल्यांतून नीट अंतर ठेवून घातली, तर दाब जवळपास तितकाच उतरतो, असे आजवरच्या तुलनांत दिसून आले आहे. जोडबाटलीचा लाभ अन्यत्र आहे. दिवसाचे थेंब कमी होतात. मध्ये पाच मिनिटे थांबण्याची गरज त्या दोन औषधांपुरती उरत नाही. एक औषध दुसऱ्याला धुऊन काढीत नाही. थेंबांतील परिरक्षक द्रव्याचा मारा कमी होऊन डोळ्याची आग कमी होते. थोडक्यात, औषध डोळ्यात खरोखर पडण्याची शक्यता वाढते. ज्या घरात थेंब घालणारी व्यक्ती पहाटे चूल पेटवून शेतात जाते, त्या घरात हा लाभ लहान नाही. अण्णांचा दाब त्यानंतर १५ वर आला.

पण येथेच आमच्याकडून दुसरी चूक झाली. जुनी टिमोलॉलची बाटली अर्धी उरली होती. "पैशाची वस्तू वाया कशाला घालवायची," म्हणून आई तीही घालीत राहिली. टिमोलॉल दोन्हीकडून जाऊ लागले. अण्णांना चक्कर येऊ लागली, नाडी मंद झाली. डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या मागविल्या तेव्हा उलगडा झाला. आपणास विनंती आहे की, तपासणीस जाताना घरातील सर्व बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात आणि नवी बाटली मिळाली की 'जुन्यातली कोणती बंद करू' असे स्पष्ट विचारावे.

कोणाला कोणते औषध चालत नाही

थेंब डोळ्यात पडला तरी त्याचा काही अंश शरीरात जातो. दमा, जुना श्वासविकार अथवा मंद नाडी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. टिमोलॉल त्यांना धोक्याचे ठरू शकते आणि ते पुष्कळ जोडबाटल्यांत असते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड टिमोलॉलमुळे जाणवेनाशी होऊ शकते. डॉर्झोलामाइडने तोंड कडू होते. सल्फा औषधांची बाधा होणाऱ्यांनी ते सांगून ठेवावे. ब्रिमोनिडीनने झोप येते, तोंड कोरडे पडते, काहींचा डोळा लाल होतो. ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. लॅटानोप्रॉस्टच्या वर्गातील औषधांनी पापण्यांचे केस वाढतात व डोळ्याभोवतीची त्वचा काळवंडते. असे काही झाल्यास औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवावे. एक औषध सोसले नाही, तर दुसरी जोडी असते.

आपल्याकडील उन्हाळाही विचारात घ्यावा. बाटली खिडकीत, उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. काही बाटल्या उघडण्यापूर्वी शीतकपाटात ठेवाव्या लागतात. वेष्टनावर तसे लिहिलेले असते, ते दुकानदाराकडून वाचून घ्यावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी आणि साधारणपणे चार आठवड्यांनंतर ती वापरू नये. तसेच डोळा लाल झाला म्हणून दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल, तर त्यानेच दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

औषधांची सीमा

दोन बाटल्यांत तीन-चार औषधे घालूनही दाब उतरत नसेल, तर आणखी बाटल्या वाढविण्यात हशील नाही. तेव्हा लेसर किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. किंबहुना, २०१९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना आरंभीच चाळणीवर लेसर केले, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षांपर्यंत थेंबांवाचून ताब्यात राहिला. डॉक्टरांनी लेसर सुचविले तर घाबरण्याचे कारण नाही. ज्यांच्या बुबुळाचा कोपराच अरुंद आहे, त्यांना तर लेसरची गरज बहुधा प्रथमच पडते. अशांपैकी कोणाचा डोळा एकाएकी असह्य दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली आणि उलट्या झाल्या, तर थेंब घालीत घरी न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा प्रश्न असतो.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. त्याच्या आदल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंड्यापासून उमरग्यापर्यंतची अंतरे मात्र तीच आहेत आणि दर महिन्याची एस. टी. फेरी कष्टाची आहे, हे मी जाणतो. म्हणूनच माझे सांगणे असे की, चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळ्याचा दाब आणि दृष्टीची नस तपासून घ्यावी. ज्यांच्या आई-वडिलांना अथवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी तर टाळाटाळ करूच नये. मीही आता दरवर्षी तपासणी करून घेतो. आशा कार्यकर्तींना विनंती की, गावात ज्यांच्याकडे थेंबांच्या बाटल्या आहेत, त्यांना एकदा आपल्यासमोर थेंब घालून दाखविण्यास सांगावे.

अण्णांचा उजवा डोळा मी 'पिकू द्या' म्हणालो त्या वर्षात गेला. डाव्या डोळ्याने ते आजही बांधावरून एकटे चालतात, नातवंडांचे चेहरे ओळखतात. रात्रीचे जेवण झाले की आई त्यांचा थेंब घालते आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करते. ती खूण आपल्याही घरी रोज व्हावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.